दुसऱ्याच्या हातची गोधडी

आमच्या मिरजोळ्याच्या वाडीत प्रेमलावहिनींच्या हातची गोधडी नाही असे घर शोधावे लागेल. त्या माझ्या शेजारी राहतात. नवरा भिकू, माझा मित्र, मुंबईला नोकरीला होता. इथे शेत, सासू आणि एकुलता एक मुलगा वहिनींनी सांभाळला. दुपारची जेवणे आटोपली की पडवीत पाय पसरून गोधडी शिवायला बसत. कुणाकडे बाळंतपण असले की घरची माणसे जुनी पातळे त्यांच्याकडे आणून टाकत. त्यांचा धावदोरा भाताच्या दाण्याएवढा, सगळा एकसारखा. मोबदला म्हणून कुणी तांदूळ देई, कुणी नुसताच चहा पाजी. भिकू वारला तरी शिवण थांबली नाही. पुढे डोळ्यांनी आणि कापऱ्या बोटांनी ती थांबवली.

मुलगा सुहास मुंबईलाच राहिला. वहिनी एकदा त्याच्याकडे गेल्या, तर घरात सगळी विकतची मऊ ब्लँकेटे. परत आल्या आणि गाठोड्यातली आपली सारी जुनी पातळे भांडीवालीला देऊन स्टीलचा मोठा डबा घेतला. "आता कोणाला हव्यात ह्या चिंध्या?" म्हणाल्या.

गेल्या दिवाळीनंतर सुनेचा, दीप्तीचा, फोन आला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पाळणा हलणार होता. "आई, बाळाला तुमच्या हातचीच गोधडी हवी."

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दारात. "भावजी, शहरात मारुती मंदिराकडे गोधड्यांचं दुकान निघालंय म्हणे. येशाल काय बरोबर?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला कोण सांगतंय? रिक्षावाल्याशी बोलायला कोणी नको?"

तेही मला धड जमत नाही, पण गेलो.

दुकान लहानसे, काचेच्या दाराचे. वहिनींनी चपला बाहेर काढल्या, म्हणून मीही काढल्या. दुकानाची मालकीण ज्ञानेश्वरी, पंचविशीतली मुलगी. वहिनींनी एकेक गोधडी गालाला लावून पाहिली.

"कापड कोरं आहे गो."

"नवंच आहे आजी. जुनं कोण विकत घेणार?"

"अगो, तान्ह्या पोराला कोऱ्यात गुंडाळतात काय? आजीचं वापरलेलं हवं."

"मग तुमची पातळं आणा. मी हातानं शिवून देते."

वहिनींनी हातातली गोधडी घडी घालून ठेवली. मग म्हणाल्या, "मऊ झालेली दोनच उरलीत. एक अंगावर, एक दोरीवर. बाकीच्यांचा मी डबा घेतला."

माझ्या बायकोची पातळे ट्रंकेत तशीच आहेत. मी चाचरत तसे म्हणालो.

"ती तुमच्या नातवंडांना ठेवा, भावजी. माझ्या नातवंडाला माझं अंग लागू दे."

शेवटी दोरीवरचे पातळ धुऊन दुकानात नेले. ज्ञानेश्वरीने घड्या बसवल्या, सुई ओवली आणि वहिनींच्या हातात दिली. "पहिली ओळ तुमची, आजी."

वहिनी वाकून शिवू लागल्या. टाके कुठे लांब, कुठे एकावर एक, आणि ओळ घसरत खाली आली. ज्ञानेश्वरी म्हणाली, "छान आहे, राहू दे." मीही मान हलवली. वहिनींनी त्या ओळीवरून बोट फिरवले, कात्री मागितली आणि सगळा दोरा उसवला.

"वाकडा दोरा पोराला नको. तूच घाल."

ज्ञानेश्वरीने मन लावून शिवले. गोधडी मुंबईला गेली. मुलगी झाली. बारशानंतर फोन आला तेव्हा मी वहिनींच्या पडवीत होतो. दीप्तीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, काय हात आहे तुमचा! ह्या वयात इतका एकसारखा टाका! सगळ्यांना दाखवते, आमच्या आईंनी शिवली म्हणून."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. आता सांगतील असे मला वाटले. त्यांनी तोंड उघडलेही.

"सावलीत वाळव हो ती," एवढेच म्हणाल्या, आणि बंद करायला फोन माझ्या हातात दिला.