अंगठा पुरत नाही असा फोन

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीत, चहाच्या टपरीवर मला रोज भेटणाऱ्या या माणसाचा उजवा अंगठा जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये मुळापासून तुटला. भरपाई म्हणून ठेकेदाराने हातावर ठेवला मोठा फोन. तो चहा डाव्या हाताने पितो, फोन उजव्यानेच चालवतो.

"लहाना फोन बरा होता भाऊ," तो म्हणाला. "ह्याच्यात अंगठ्याला लई ताणावं लागून राह्यलं."

आणि अंगठ्याच्या जागची हवा चोळू लागला. मग त्याने हात ताणला. कुणी न शिवता स्क्रीनच्या पार वरच्या कोपऱ्यातला फोटो आपोआप उघडला.

"पोचला बघा!"

काचेवर ओला ठसा होता.

घरासाठी सळई घेताय? आधी मिलच्या गेटवर जा. विचारा, खरी भरपाई कुठंय आणि याचा अंगठा कुठंय?