आत न गेलेले सर

मंद्रूपच्या बाजारात आत्याबरोबर वांगी निवडत होतो, तेव्हा फोन आला. सर गेले... झोपेतच. मी फोन खिशात ठेवला तशी आत्यानं विचारलं, "कोण गेलं रं?" सांगितलं. "ते कोटवाले व्हय?" म्हणाली आणि पुन्हा वांग्यांकडे वळली. "मेल्या मानसाला नावं ठिवू न्हाई म्हनत्यात. म्हनून गप बसते." मी मात्र गप्प बसणार नाही. गेल्या काही आठवड्यांत सरांविषयी इतकं गोड बोललं गेलं आहे की कान किटले.

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी. आई लवकर गेली. आत्यानं सोलापुरात टॉवेलच्या कडा शिवून मला बी.कॉम. केलं. मुलाखतीत माझी बोली ऐकून लोक हसायचे. सरही हसले, पण त्यांनी आपल्या सल्लागारीच्या ऑफिसात कामावर घेतलं. ताळेबंद वाचायला, मालकापुढे न अडखळता बोलायला त्यांनीच शिकवलं. ते ऋण मी मरेपर्यंत मानेन. पण ऋण मानणं वेगळं आणि माणूस मोठा मानणं वेगळं.

शोकसभेत त्यांची कारकीर्द वाचून दाखवली. पुण्यातली कंपनी, परदेश दौरे, 'सोलापूरच्या उद्योगाला दिशा देणारे सल्लागार'... त्याआधीचं एक अक्षर नाही. सर जन्मले आमच्याच सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर. टेक्सटाइलचा डिप्लोमा, गिरणीत कारकुनी, मग पुणे. ताठ मानेनं सांगावी अशी वाट. सरांनी ती कोटावरच्या डागासारखी झाकली. "मी बेसिकली पुण्याचा," म्हणायचे. एकदा कारखान्याच्या फाटकाशी एका म्हाताऱ्या विणकरानं त्यांचा हात धरला. "बागुन्नावा, बाबू?" वडिलांचा सोबती होता तो, बरा आहेस ना म्हणून विचारत होता. सर म्हणाले, "सॉरी?" आणि गाडीत जाऊन बसले.

कुठल्याही कारखान्यात ते मालकाच्या थंडगार केबिनपलीकडे गेले नाहीत. आत्या कामाला होती त्या कारखान्यातही नाही. तिथला शिलाई विभाग बंद करून काम बाहेर द्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा मी म्हणालो, "सर, एकदा आत चला. माझी आत्या आहे तिथं. त्या बायका काय करतात ते बघा तरी."

"आत्या आहे म्हणूनच तुझं डोकं चालत नाही," सर म्हणाले. "आत जाऊन बघतो तो फिटर. सल्लागार बाहेरून बघतो."

विभाग बंद झाला. टॉवेल मात्र शिवायला त्याच बायकांच्या घरी गेले. आता मशीन त्यांचं, वीजबिल त्यांचं, मजुरी नगावर, आणि आजारी पडलं तर दवाखाना आपला आपण बघायचा. कागदावर कामगार कमी दिसले म्हणून मालकानं सरांना शाल घातली. वर्तमानपत्रातला तो फोटो बघून आत्या म्हणाली, "मंगळवेढ्याच्या जवारीतलं बुजगावणं बरं की! कोट त्याच्याबी अंगात असतुया, पर ते निदान रानात तरी हुबं ऱ्हातंय."

मी नोकरी सोडली. आता छोट्या कारखान्यांना मीही सल्ला देतो. सरांनी लहानपणी बापाला मागावर खोकताना पाहिलं, असा मुलगा कापसाच्या धुळीला भिणारच, असं कुणी सांगून बघितलं. असेल. भीती समजते. पण भिणाऱ्यानं इतरांच्या पोटापाण्याचे निकाल देऊ नयेत... मला दया यायला हवी होती. आली नाही.

परवा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ऑफिस आवरायला बोलावलं. केबिनच्या दारामागे खिळ्याला कपड्यांचा ब्रश होता, केस झिजून आखूड झालेले. कारखान्यातून परतले की सर दार लावून तो कोटाच्या खांद्यांवरून फिरवत राहायचे. कोट स्वच्छच असायचा. काकूंनी ब्रश काढून माझ्यापुढे धरला. "तुम्हीही तेच काम करता ना? राहू द्या, आठवण."

"नको, काकू," मी म्हणालो. "मी आत जातो."

काकूंनी एकवार कापसाचे तंतू चिकटलेल्या माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि ब्रश पुन्हा खिळ्याला अडकवला.