लायल ट्रेगेन्झाचा मांडव

ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जगात एक नियम कुठंही लिहिलेला नाही आणि सगळे पाळतात. कुणी गाडी मागं घेत असेल किंवा मांडव बांधत असेल, तर न विचारता सल्ला द्यायचा नाही. लायल ट्रेगेन्झानं हा नियम जन्मात कधी मोडला नाही. तो फक्त यायचा, पाठीमागं हात बांधून उभा राहायचा, समोरच्यानं ठोकलेल्या खुंट्यांकडं बघायचा, मग आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, “हं.”

बस्स, एवढंच. पण त्या ‘हं’नं भल्याभल्यांची झोप उडायची. लायल निघून गेला की ते बिचारे खुंट्या उपटून परत ठोकायला लागायचे, बायकोवर खेकसायचे, आणि रात्री पांघरुणात वाऱ्याचा आवाज ऐकत पडायचे.

मांडव म्हणजे व्हॅनच्या कडेला नळीत गुंडाळून ठेवलेलं कापडी छत. हँडल फिरवलं की बाहेर येतं आणि पुढच्या दोन पायांवर उभं राहतं. विकणारे त्याला काहीही म्हणोत, काम मांडवाचंच करतं. रोज संध्याकाळी पाचला कुणाच्या तरी मांडवाखाली सगळे जमतात. ज्यानं त्यानं आपली खुर्ची आणायची, आपला पेला आणायचा, आपल्या चीज-बिस्किटांची ताटली आणायची. यजमानानं द्यायची ती फक्त सावली. पश्चिम किनाऱ्यावर ग्रीनो गावाच्या खाली समुद्रकाठी अशा गाड्या लावायचं जे कॅरव्हॅन पार्क आहे, तिथं गेली सहा वर्षं, दर उन्हाळ्यात, ही सावली लायलची होती.

आणि ती जागा तर वाऱ्याचं माहेर. तिथली झाडं उभी वाढतच नाहीत. दक्षिणेच्या वाऱ्यानं त्यांना लहानपणीच आडवं केलंय. बुंध्यापासून वळून शेंडे जमिनीला टेकलेत. झाडांनी जे निमूट मान्य केलं, ते लायलनं मात्र केलं नव्हतं. दुपारी वारा सुटला की बाकीचे मुकाट्यानं हँडल फिरवून मांडव आत घ्यायचे. लायल घ्यायचा नाही. “गुंडाळणं म्हणजे पाठ दाखवणं,” असं त्याचं म्हणणं.

याला कारण होतं. मोरावाच्या आसपासच्या मेंढ्यांच्या कुरणांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती. “वाऱ्यानं मला पोटाला घातलंय,” तो म्हणायचा, “त्याच्या खोडी मला शिकवू नका.” चौऱ्याहत्तरीचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस, पण मांडव बांधायला बसला की अर्धा दिवस खायचा. तिथली वाळू भुसभुशीत, खुंटी लोण्यात सुरी घातल्यासारखी आत जाते आणि तशीच बाहेर येते. म्हणून लायल खुंट्या ठोकतच नसे. गव्हाची जुनी पोती वाळूनं भरायची, त्यांना दोर बांधायचा, हातभर खोल खड्ड्यात ती आडवी पुरायची, वरून पाणी ओतून तुडवायची. मग मांडवावरून दोन रुंद पट्टे टाकायचे आणि त्यांची टोकं त्या पुरलेल्या पोत्यांना घट्ट ओढायची. शेवटी बोटानं पट्टा छेडून बघायचा. तंबोरा जुळवणाऱ्या बुवासारखा कान लावायचा. सूर पटला नाही तर परत सगळं सोडायचं.

“पोरीच्या लग्नातसुद्धा एवढा खपला नव्हतास,” नोलीन म्हणायची.

नोलीन ही त्याची बायको. ठेंगणी, गुडघ्यानं अधू, जिभेनं धडधाकट. तिची आणि मांडवाची जुनी सवतीमत्सराची गोष्ट होती. गेल्या साली प्रवासात सेडूनाच्या पार्कात ही गोष्ट हातघाईवर आली. लायल तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी खुंट्यांसमोर ‘हं’ म्हणायला गेला होता, आणि इकडं नोलीन मांडवाखाली टोस्टला लोणी लावत होती. एक झोत आला. मांडव उलट्या छत्रीसारखा उठला, व्हॅनच्या डोक्यावरून पलीकडं गेला, जाताजाता छपरावरची सोलरची काच फोडली आणि तिचा चहाचा कपही घेऊन गेला. नोलीन हातात टोस्ट घेऊन उघड्या आभाळाखाली तशीच बसून होती.

“ऐक,” लायल धापा टाकत आल्यावर ती शांतपणे म्हणाली, “आता परत एक मांडव वाऱ्यानं नेला की गाडी विकायची. जेराल्डटनला आपल्या पोरीच्या, जॅनेलच्या शेजारी दोन खोल्यांचं घर घ्यायचं. विटांचं. ज्याचं छप्पर बांधायला नवऱ्याला अर्धा दिवस लागत नाही.”

लायलनं मान डोलावली. त्या वेळी त्यानं कशालाही मान डोलावली असती. पण डॉट हॅनरहन तिथं उभी होती. डॉट एक्याऐंशी वर्षांची विधवा, एकटीच गाडी हाकत फिरणारी, आणि कान शाबूत. “मी साक्षीदार,” ती म्हणाली. संपलं. लायलनं हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नवा मांडव बसवला खरा, पण त्या दिवसापासून त्या कापडावर नुसती सावली टांगलेली नव्हती, त्याचा रस्ता टांगलेला होता. जॅनेलच्या शेजारच्या घराची तो कधीकधी कल्पना करायचा. चार भिंती, नळ, टपालपेटी. आणि सकाळी उठून खिडकीतून बघावं तर कालचंच झाड.

जानेवारीतला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातला तो दिवस. सकाळपासून पूर्वेचा वारा होता, तापल्या तव्यावरून आल्यासारखा. अकराला तो पडला. मासे साफ करायच्या ओट्यावर वाळत घातलेलं फडकंसुद्धा हलेना. लायल बाहेर आला, बोट ओलं करून वर धरलं, समुद्राकडं बघितलं.

“दक्षिणेचा येणार,” तो म्हणाला, “पण चारच्या आत नाही.”

तेवढ्यात डॉट आली. तिच्या मांडवाचा पट्टा उन्हानं पापड झाला होता, हातात धरताच तुटला. लायलनं क्षणभर विचार केला आणि आपल्या मांडवावरचा समुद्राकडचा पट्टा सोडायला बसला.

नोलीन दारात आली. “तो घेऊन कुठं निघालास?”

“डॉटकडं. तिचा तुटला.”

“आणि आपल्याला?”

“एक आहे की. वारा चारला येतोय. दोनपर्यंत मी दुकानातून दुसरा आणून बांधतो.”

“वाऱ्याला सांगितलंयस ना, दोन म्हणून?”

“नोल, एकेचाळीस वर्षं…”

“जा बाबा, जा.”

डॉटची गाडी पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला. तिचा मांडव बांधला, पोती पुरली, पट्टा छेडला, सूर लागला. मग डॉटनं चहा केला आणि सुक्या मेव्याचा केक कापला. डॉटचा केक खाऊन उठायचं म्हणजे आधी तिच्या चारही सुनांची प्रकरणं ऐकावी लागतात. तिसऱ्या सुनेपाशी लायलला मानेवर गार झुळूक लागली. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

तो पेला ठेवून उठला आणि लांब ढांगा टाकत निघाला. अर्ध्या वाटेवर वारा आलाच. सुरुवात नाही, चाहूल नाही. समुद्रावरून पांढरी रेघ आली आणि सगळ्या पार्कची कापडं एकदम फडाडली. आणि नेमका तिथं क्लाइव्ह पेटिंगिल ओरडला, “लायल! अरे धर! धर!”

क्लाइव्ह पर्थचा निवृत्त दाताचा डॉक्टर. त्याचा मांडव बटणावर चालणारा. वारा वाढला की आपोआप आत जाणारा, असं तो पाचच्या बैठकीत रोज एकदा सांगायचा. “पोती पुरतोस अजून? कुठल्या काळातला रे तू?” असंही विचारायचा. आज तो मांडव आपोआप निम्मा आत गेला होता आणि तिथंच तिरका अडकून बसला होता. उरलेला निम्मा शिडासारखा फुगला होता, त्याचा एक पाय हवेत फिरत होता आणि दुसऱ्याला क्लाइव्ह लोंबकळत होता.

लायलनं उडी मारून फिरणारा पाय पकडला. छातीशी धरला, टाचा वाळूत रोवल्या. आणि मग त्यानं मान वळवली, तेव्हा पाच रांगांपलीकडं, गाड्यांच्या छपरांवर, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड उठलेलं दिसलं. ज्या बाजूला पट्टा नव्हता, तीच बाजू.

क्लाइव्हनंही बघितलं. “लायल, तो तुझा ना रे?”

“हं.”

“मग जा ना! पळ!”

“मी सोडला तर हा पाय सरळ तुझ्या तोंडावर येईल. दाताच्या डॉक्टरचे दात पडलेले बरे दिसत नाहीत.”

“मस्करी कसली करतोस, तुझी गाडी…”

“गप धर, क्लाइव्ह.”

पवनचक्कीवर एक माणूस वर चढतो आणि एक खाली दोर धरतो. खालच्यानं दोर सोडायचा नसतो. तहान लागो, माशी बसो, घराला आग लागो. सव्विसाव्या वर्षी लायल वर असताना खालच्यानं एकदाच सोडला होता. लायलचं डावं मनगट तेव्हापासून वाकडं आहे. त्याच वाकड्या मनगटानं त्यानं आता तो पाय धरून ठेवला. पाच रांगांपलीकडं हिरवे पट्टे एकदा हिसका देऊन आणखी वर आले आणि दिसेनासे झाले.

चांगली पंधरा मिनिटं गेली. शेजारचे दोघं धावून आले, त्यांनी कापड खाली ओढून दोरानं करकचून बांधलं. “सोड आता,” क्लाइव्ह म्हणाला. लायलनं सोडलं. क्लाइव्ह आणखी काहीतरी बोलत होता, पण लायल निघालाही होता.

तो पळाला नाही. पळून काय उपयोग? गाडी कुणाला विकायची याचा विचार करत तो चालला. पुरायची पोती डॉटला देऊन टाकावीत. हँडल मात्र ठेवावं, आठवण म्हणून. विटांच्या घरात ते टांगायला खिळा असेलच. पायाखाली वाळू सरकत होती आणि आडवी झाडं त्याच्याकडं बघून, “आम्ही काय सांगत होतो?” म्हणत होती.

शेवटच्या रांगेचं वळण घेतलं. व्हॅनपुढं मांडव नव्हता. राहिलेला पट्टा वाळूवर पडला होता, त्याचा निळा दोर कापलेला होता. खुर्च्या उलथ्या होत्या. लायल जागच्या जागी थांबला.

मग त्याचं लक्ष वर गेलं. व्हॅनच्या कडेची नळी बंद होती. तिच्या फटीतून हिरव्या कापडाचं वीतभर टोक चुणून बाहेर राहिलं होतं. नळीभोवती नोलीनच्या गाऊनचा गुलाबी पट्टा तीन वेढे देऊन बांधला होता. आणि पायरीवर नोलीन बसली होती. एका नडगीवरून रक्त आलेलं, कोपर खरचटलेलं, केस पिंजलेले. हातात चहा.

“दोन वाजले वाटतं,” ती म्हणाली.

 लायल तिच्या नडगीकडं, मग नळीकडं, मग परत नडगीकडं बघत राहिला.

“उठला होता,” शेवटी तो म्हणाला. “मी तिकडून बघितला.”

“उठला होता. एका पायाला मी लोंबकळले. माझं वजन काढत असतोस ना रोज? आज कामाला आलं. पाय गाडीच्या आकड्याला गाऊनच्या पट्ट्यानं बांधला, मग हँडल फिरवलं, आणि शेवटी तोच पट्टा नळीला गुंडाळला.”

“आणि मांडवावरचा पट्टा? माझी गाठ?”

“तुझी गाठ सुटते का कुणाला? मासे कापायच्या सुरीनं कापला दोर.”

“निळा दोर, नोल? मोरावापासूनचा?”

“तोच. औषध दोराला लावायचंय की मला?”

लायल आत जाऊन औषधाचा डबा घेऊन आला आणि तिच्यासमोर वाळूत गुडघ्यावर बसला. नडगी पुसताना तो खालमानेनंच म्हणाला, “नुसती बाजूला झाली असतीस तर गेला असता. विटांचं घर मिळालं असतं.”

नोलीननं चहाचा घोट घेतला, समुद्राकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाली, “हं.”

पाचला सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले. सावली नव्हती, पण गाडीच्या आडोशाला वारा कमी होता, तिथं खेटून बसले. क्लाइव्हनं भारीतलं चीज आणलं होतं आणि बटणाचं नाव काढलं नाही. सेडूनाचा करार सगळ्यांना माहीत होताच. कुणीतरी डॉटला विचारलं, “साक्षीदारबाई, मग? मांडव गेला की नाही गेला?”

डॉटनं वेळ घेतला. तिला असले प्रसंग कमी येत. “वाऱ्यानं नेला तर गेला म्हणतात,” ती म्हणाली. “बायकोनं आत घेतला तर त्याला आवरला म्हणतात. गाडी राहील.”

“आणि गुंडाळणं म्हणजे पाठ दाखवणं, त्याचं काय?” क्लाइव्हनं लायलकडं बघून विचारलं.

“पाठ नाही दाखवली,” नोलीन म्हणाली, “नडगी दाखवली.” आणि तिनं पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर ठेवला.

सगळे हसले. लायलही हसला, पण जरा उशिरा. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. बायको शेजारी घोरत होती आणि तो तिच्या त्या ‘हं’चा अर्थ लावत पडला होता. इतकी वर्षं लोकांचं काय होत असेल, ते त्याला पहिल्यांदाच समजलं.

सकाळी त्यानं पोती उकरून काढली आणि परत पुरली. दोन्ही बाजूंना नवे पट्टे टाकले. निळ्या दोराचे दोन तुकडे जोडले. मग सगळ्या गाठी सोडून दुसऱ्या घातल्या, एका हिसक्यात सुटणाऱ्या. त्यांची टोकं स्वतःच्या हातांना नाही, नोलीनच्या हातांना येतील एवढ्या उंचीवर ठेवली, आणि हँडल दाराच्या आत, तिच्या गाऊनशेजारी अडकवलं.