ऋषीची भाजी आणि कोबा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीमागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा होता. बिल्डरने उरलेल्या विटा, सिमेंटचे गोळे, फुटक्या लाद्या तिथे पुरल्या आणि वरून माती ओढली. ह्यांची गिरणी बंद पडली, हे एका कारखान्यावर वॉचमन म्हणून जायला लागले, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही पाच बायकांनी कमिटीला विचारून त्या पट्ट्यात भाजी लावायला घेतली.

स्वस्तात भाजी मिळेल असं वाटलं होतं. मिळाली नाही. बाजारातली परवडली असती. कुदळ मारली की खाली ठण्ण वाजायचं, दांडे मोडायचे. पेरलेलं बी उंदीर उकरायचे, मिरचीची रोपं गोगलगाई खायच्या. वरच्या मजल्यांवरून खरकटं पडायचं, केसांचे गुंते पडायचे, दाढीची ब्लेडं पडायची. असल्याच एका ब्लेडने माझं बोट कापलं आणि दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागलं. मेमध्ये पाण्याची ओरड झाली तेव्हा कमिटीने खालच्या नळाची चावी काढून नेली. कपडे धुतलेलं पाणी मी बादलीने खाली न्यायची. एकेक करून चौघींनी सोडलं. मी सोडलं नाही.

खत आरे कॉलनीतल्या तबेल्यांतून आणायची. पहिल्यांदा गोणी घेऊन बसमध्ये चढले तर कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यात काय आहे?"

"शेणखत."

"उतरा खाली."

"तिकीट काढलंय."

"माणसाचं काढलंय. शेणाचं नाही."

"मग शेणाचंही फाड."

त्याने सामानाचं तिकीट फाडलं आणि मला मागच्या दाराशी उभं केलं. पुढे दर वेळी मी दोन तिकिटं मागायची आणि मागेच उभी राहायची.

तिसऱ्या वर्षी कुठे जमीन जरा जमिनीसारखी झाली. पावसाळ्यात अळू कमरेएवढं आलं, माठ आला, भिंतीवर पडवळ चढलं. तेवढ्यात चार घरांत स्कूटर आल्या. सोसायटीची मिटिंग झाली आणि गणपतीनंतर त्या पट्ट्यावर सिमेंटचा कोबा घालून स्कूटर लावायच्या असा ठराव झाला. खोली ह्यांच्या नावावर, म्हणून मिटिंगला हे गेले होते.

"तुम्ही काय बोललात?"

"काय बोलतलंय? गप रवलंय."

त्या दिवशी मी ह्यांना जेवण वाढलं आणि खाली वाफ्यात निघून गेले.

गणपतीच्या आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची सेक्रेटरीची बायको दारात आली. "मावशी, थोडं अळू आणि माठ द्याल ना? ऋषिपंचमीला सासूबाईंना बैलाच्या कष्टाचं चालत नाही. बाजारातल्या भाजीचं काय सांगावं. तुमची कशी, हाताने लावलेली."

"बैलाच्या कष्टाचं चालत नाही. माझ्या कष्टाचं चालतं?"

ती हसली. "तुम्ही पण ना, मावशी."

"तुमच्या नवऱ्याने कोब्यासाठी हात वर केला. आता कोब्यावर उगवेल ते शिजवा."

ती गेली. शेजारीण म्हणाली, सणासुदीला असं बोलू नये. आज कुणी तशी आली तर मी हेच बोलेन.

संध्याकाळी सेक्रेटरीची आई कठड्याला धरून तीन मजले उतरली. मी खाली वाफ्यातच होते.

"सुनेला काय बोललीस गं?"

"खरं ते बोलले, आजी."

"मी कधी हात वर केला? मला मिटिंगला विचारतंय कोण?"

"मला तरी कोण विचारतं?"

"मग मला कशाची शिक्षा?"

मी विळा तिच्या हातात दिला. "हवं तेवढं कापा. मी कापून देणार नाही."

तिने लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. थोड्या वेळाने म्हणाली, "हाताला खाजतंय गं."

"खाजणारच. मला रोज खाजतं."

ओटीत मावेल तेवढं घेऊन ती वर गेली. आभार मानले नाहीत. ते मला बरं वाटलं.

विसर्जन झालं आणि एका सकाळी गवंडी वाळू-सिमेंट घेऊन आला. मी मुळा पेरला होता, नुकते कोंब वर आले होते. मी त्या वाफ्यात जाऊन उभी राहिले.

सेक्रेटरी आला. "मावशी, बाजूला व्हा. ठराव झालाय."

"झाला असेल. मी हलणार नाही."

"पोलिसांना बोलवावं लागेल मग."

"बोलवा. सांगा, बाई मुळ्यात उभी आहे."

गवंडी सिमेंटच्या गोणीवर बसला आणि त्याने बिडी पेटवली. "साहेब, आमची हजेरी भरा म्हणजे झालं."

मग आजी खाली आली. सुनेने मागून घडीची खुर्ची आणली होती. आजीने ती माझ्या शेजारी मांडायला लावली आणि बसली.

"आई, तू वर जा बघू."

"पुढच्या पंचमीला मी काय खाऊ? तुझी स्कूटर?"

खिडक्यांतून सगळी बिल्डिंग बघत होती. मला त्याने ओढून काढलं असतं, आईला कसं ओढणार? ऑफिसची वेळ टळून गेली तरी तो तिथेच येरझारा घालत होता. हे रात्रपाळीहून आले, सगळं बघितलं आणि भिंतीला टेकून माझ्या बाजूला उभे राहिले. दुपारी सेक्रेटरीने गवंड्याला सांगितलं, गेटकडच्या अर्ध्या भागातच कोबा घाल.

चांगली माती नेमकी त्याच अर्ध्यात होती. माझ्या वाट्याला भिंतीकडचा आला, जिथे अजून विटा निघत होत्या. पुढे स्कूटरचं ऑइल ओघळून वाफ्याच्या कडेपर्यंत यायचं, तिथे काही धरायचं नाही. त्यावरूनही भांडणं झाली, ती मी करत राहिले.

त्या दिवशी सकाळभर उभी राहून मुळ्याचे कोंब माझ्याच पायांनी तुडवले गेले होते. दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडच्या अर्ध्यात पुन्हा मुळा पेरला.