पोचल्याची रिंग

सर त्या पायरीवर किती वेळ बसले असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. दोन आठवडे झाले. भांडी घासताना, ऑफिसात, आता घरातले सगळे झोपल्यावर या वहीपुढे, तेच. सिमेंटची गार पायरी, आणि त्यांचे गुडघे तर आधीच कुरकुरायचे.

सर म्हणजे मुलीच्या व्हॉलीबॉल क्लबचे कोच. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या खड्ड्यात, आणि संध्याकाळी पाचला, कपाळावर ग्रीसचा पट्टा तसाच, एका जुन्या गोदामात चौदा मुलींपुढे उभे. शिकवायची भाषाही लिफ्टचीच. "गुडघे तळमजल्यावर, हात गच्चीवर." कुणी अर्धवट उडी मारली की म्हणायचे, "काय गं, मधल्या मजल्यावर अडकलीस? मेकॅनिकला बोलावू?" मुली खिदळायच्या आणि पुढची उडी खरंच उंच जायची. पाच वर्षांत मिळालेला करंडक एकच, तोही तिसऱ्या नंबरचा. त्यात ते स्क्रू ठेवायचे.

माझा स्वभाव त्यांना पहिल्याच दिवशी कळला.

"सर, ही इथून निघाल्यावर घरी पोचली की नाही, ते कसं कळणार?"

"ताई, तुम्ही असालच ना घरी."

"मी साडेसातला येते. तोवर माझा जीव टांगणीला."

त्यांनी डोकं खाजवलं. "बरं. पोचलं की प्रत्येकीने मला एक रिंग द्यायची. मी उचलणार नाही. सगळ्यांच्या आल्याशिवाय गोदामाला कुलूप लावणार नाही. झालं समाधान?"

"सगळ्यांच्या?" शेजारची एक आई फणकारली. "घोर हिच्या जिवाला आणि लचांड आमच्या मागे."

पण नियम झाला तो झाला. साडेसहाला खेळ संपला की सर पायरीवर बसायचे, फोन मांडीवर ठेवून. चौदावी रिंग आली की गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. एकदा आमची मैत्रिणीकडे रेंगाळली, तर मी घरी पोचते न पोचते तोच सर दारात हजर. "ताई, तुमचं एक पार्सल अजून रस्त्यातच आहे का?" पाणीसुद्धा घेतलं नाही. ती जिना चढताना दिसली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि गेले.

त्या गुरुवारी मी लवकर घरी आले होते. मुलगी आली, बॅग फेकली आणि न्हाणीघराकडे पळता पळता म्हणाली, "आई, माझा फोन बंद पडलाय. सरांना तू रिंग दे." मी हो म्हटलं. फोन हातात घेतला, तेवढ्यात भावाचा आला. त्याच्या नव्या घराच्या फरशीचा रंग, बस, एवढाच विषय. पाऊण तास बोलले. फोन ठेवला तेव्हा मध्ये सरांचे दोन कॉल येऊन गेलेले दिसले. उद्या सांगू, म्हणून कुकर लावला.

एकदा रिंग आली नाही तेव्हा ते दारात आले होते. त्या दिवशी आले नाहीत. बहुतेक त्यांना उठवलंच नसेल.

साडेआठला शेजारच्या कारखान्याच्या रखवालदाराला ते भिंतीला टेकून बसलेले दिसले. त्याला वाटलं, डोळा लागलाय. कुलूप शेजारीच पडलं होतं, उघडं.

सरांची बायको नर्स आहे. मुलीला घेऊन भेटायला गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती, सरांचा कामाचा शर्ट मांडीवर घेऊन. ग्रीसचे डाग नखाने खरवडत होती.

"त्या दिवशी सकाळी भांडलो आम्ही," ती म्हणाली. "छातीत दुखतंय, तपासून घ्या म्हटलं, तर हसण्यावारी नेलं. मग मीही नाही नाही ते बोलले. सातला येणारा माणूस. माझं तोंड बघायला नको म्हणूनच बसले असणार तिथे. घरी आले असते, तर मी चेहरा बघूनच ओळखलं असतं."

"असं मनाला लावून घेऊ नका, वहिनी," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

परतताना मुलीने विचारलं, "आई, त्या दिवशी तू रिंग दिली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

तेव्हापासून ती खेळायला गेलेली नाही. गोदाम बंदच आहे म्हणा.

नवऱ्याला परवा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून माणूस परत येणार आहे का? उगाच कशाला खपली काढायची?" त्याचं खोटं नाही. रिंग दिली असती तर सर वाचले असते, असंही कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते तिथे का बसले होते, हे आम्हा दोघांशिवाय जगात कुणाला माहीत नाही. आणि मी गप्प आहे तोवर ती बाई त्या भांडणाचं ओझं वाहणार. माझं ओझं तिच्या डोक्यावर देऊन मी इथे काळजी करत बसले आहे. आधी वहिनींना सांगायचं, मुलीला त्यानंतर सांगेन. तेही सोपं नाहीच.

वहिनींची रात्रपाळी सकाळी आठला सुटते. घरी पोचून त्यांनी चहा घेतला असेल अशा बेताने, नऊला फोन करणार आहे. एक रिंग देऊन तोडायचा नाही. त्या उचलेपर्यंत वाजू द्यायचा.