मेल्याने अभिनय सुधारत नाही

सुधा गेल्याचं कळलं ती शनिवारची दुपार होती. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी दोनचा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावून मी तिच्या फोनची वाट पाहत होते. फोन तिच्याच नंबरवरून, नॉटिंगहॅमहून आला. पण बोलत होती तिची मुलगी, नीना. "मावशी, आई सकाळी गेली... झोपेतच. तुम्ही वाट बघत असाल म्हणून तिच्याच फोनवरून केला."

वीसेक वर्षं आमचा हा शिरस्ता. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दोन गावांत बसून एकच सिनेमा पाहायचा. जुन्या हॉलिवूडचे तारे, सगळे केव्हाच गेलेले. सुधा भूलतज्ज्ञ. नोकरीभर तिने माणसं झोपवली, पण सिनेमा चालू असताना मी डुलकी घेतलेली तिला खपत नसे. देखणा नायक पडद्यावर आला की ती निदान सांगे, "हा लिव्हरने गेला. आणि ती सिगारेट ओढतेय ना, ती फुप्फुसाने." कुणी म्हातारा नट वारला की टीव्हीवर त्याचा सिनेमा लागायचा आणि निवेदक त्याचे गोडवे गायचा. एकदा मीही गायले.

"काय माणूस होता गं!"

"ओंडका होता."

"अगं, परवा गेला तो!"

"मग? मेल्याने अभिनय सुधारत नाही."

आणि याच बाईने पोटच्या पोरीला नाटक करू दिलं नाही. नीनाला अठराव्या वर्षी ड्रामा स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता. सुधाने तो सोडायला लावला. "बघायला ठीक आहे गं, घरात नको," मला म्हणाली. मी गप्प बसले. नीना फार्मासिस्ट झाली, उत्तम झाली, आणि पुढे आईशी नाटक सोडून सगळ्या विषयांवर बोलत राहिली.

तीन आठवड्यांनी मराठी मंडळाने शोकसभा घेतली. सुधाच्या फोटोला एवढा मोठा हार, की तिची हनुवटी दिसेना. एका वक्त्याने तिला वात्सल्यमूर्ती केलं, दुसऱ्याने त्यागमूर्ती. ज्या बाईने सिनेमाच्या वेळेला दारात आलेल्या पाहुण्यांना तासभर बागेत बसवलं होतं, तिला! अध्यक्षांनी मला आधीच बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही सेवेवर बोला. ते टीव्हीचं वगैरे... जरा वगळू या."

मी वगळलं नाही. लिव्हर आणि फुप्फुसं सांगितली, बागेतले पाहुणे सांगितले. मग म्हटलं, ती माझी सर्वांत जवळची मैत्रीण होती आणि नीनावर तिने अन्याय केला. तो मला दिसत होता, मी तोंड उघडलं नाही. ती गेली म्हणून तो अन्याय न्याय होत नाही, माझं गप्प बसणंही शहाणपण ठरत नाही. अध्यक्ष खोकले. पुढच्या रांगेतल्या दोघी उठून चहाकडे गेल्या.

नीना मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाली, "मावशी, तिला त्याचं कधी वाईट वाटलं होतं का? तुम्हाला काही बोलली?"

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही गं. कधीच नाही."

तिने गाडीचं दार उघडलं. मग हसली... आईसारखी, एका बाजूने. "थँक यू. आज कुणीतरी माझ्या आईबद्दल बोललं."

तेव्हापासून शनिवारी दोनला नीनाचा फोन येतो, सुधाच्या खुर्चीतून. गेल्या आठवड्यात म्हणाली, "या शनिवारी मी नाही हं. तालीम आहे." चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळींचं नाटक बसतंय. सेहेचाळीस वर्षांच्या नीनाला मोलकरणीचं काम मिळालंय. चार वाक्यं.

"आईला आवडलं नसतं, ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तिकीट कुठे मिळतं?"

पहिल्या रांगेतलं मिळालंय. चारही वाक्यं नीट ऐकणार आहे, आणि वाईट म्हटली तर तिथल्या तिथे सांगणार आहे.