अठ्ठ्याऐंशीवा दिवस

आलं किसून घातलं, दोन चमचे साखर टाकली, दूध ओतलं आणि चांगल्या तीन उकळ्या आणल्या. रंग जरा विचित्र आला, भिंतीवरच्या शेवाळासारखा. मला वाटलं, चहा कमी पडला. म्हणून पुडीत उरलेलाही सगळा झटकून टाकला.

ती पुडी शेजारच्या जपानी बाईंनी कुंपणावरून दिली होती. मूठभर चहा, पांढऱ्या कागदात, घड्या अशा की उलगडताना अपराधी वाटावं. त्यांच्या परसातल्या पाच झुडपांचा वर्षाचा पहिला चहा होता तो आणि त्यातला निम्मा त्यांनी मला दिला होता, हे नंतर कळलं. तेव्हा मी चांगला शेजारी म्हणून तो उकाळा मगात भरून त्यांनाच नेऊन दिला.

बाई तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत प्यायल्या. रिकामा मग दोन्ही हातांनी मला परत केला.

"खूप गरम होता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग जरा थांबून, "रविवारी दुपारी ये. दूध आणू नकोस."

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगला मी शिकायला आलो आणि युनिव्हर्सिटीतच नोकरीला चिकटलो. हे घर घेतलं तेव्हा बाई पंचाहत्तरीच्या असतील. त्यांचा नवरा इथलाच, पोलाद कारखान्यातला, जपानहून लग्न करून त्यानेच त्यांना आणलेलं. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली, पण त्याचं इंग्रजी बाईंकडे राहिलं. त्या कमरेत वाकून नमस्कार करायच्या आणि त्याच श्वासात मला 'मेट' म्हणायच्या. आम्ही घरात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो, शाळेतल्या बाई असतात तसं. त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्या रविवारी दारात काचेची एक छोटी घंटी टांगलेली होती. जाड पडदा जाऊन निळा, विरळ पडदा आला होता. जाड कपांच्या जागी कागदासारखे पातळ कप. "उन्हाळा आला ना. घंटी वाजली की गार वाटतं," बाई म्हणाल्या. मला बाहेर तरी काही उन्हाळा दिसेना, मी स्वेटर घालून गेलो होतो.

त्यांनी उकळतं पाणी कपांत ओतलं. मी कप उचलायला गेलो.

"नॉट येट, मेट."

मग ते पाणी किटलीत, चहाच्या पानांवर. मी पुन्हा सरसावलो.

"नॉट येट, मेट."

पुढची दोन मिनिटं बाई त्या किटलीकडे अशा बघत होत्या, जसं आपण झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे बघतो. मग थोडा या कपात, थोडा त्या कपात असा चहा ओतला आणि किटली उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या. तो थेंब माझ्या कपात पडला.

तीन घोटांचा चहा. ओल्या मटाराच्या शेंगांचा वास, मागून किंचित समुद्र आणि सगळ्यात शेवटी, घोट गिळून झाल्यावर, कुठून तरी आलेला गोडवा. दारातली घंटी एकदा वाजली आणि मला खरोखर गार वाटलं. मी, जो दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही, पाऊण तास बोललो नाही. घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तुम्हीही परदेशात सण जपणारी माणसं पाहिली असतील. बाईंची तऱ्हा वेगळी होती. जपानमध्ये वसंत लागल्यापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी नवा चहा खुडतात. तिकडे तो दिवस मे महिन्यात येतो. इथे मेमध्ये थंडी सुरू होते, म्हणून बाईंनी सगळंच अर्धं वर्ष सरकवलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोजायला सुरुवात आणि नोव्हेंबर लागता लागता खुडणी.

"तिकडची बहीण फोनवर हसते," त्या म्हणाल्या. "पण पानाला कॅलेंडर वाचता येत नाही. मी पानाचं ऐकते."

त्यानंतरच्या जानेवारीत मी बायकोसोबत त्यांना तिळगूळ द्यायला गेलो. चाळीस अंश. बायको काळ्या रेशमी साडीत, मी काळ्या कुर्त्यात, तिळगुळाचे लाडू डब्यात एकमेकांना चिकटलेले.

"काळं का?" बाईंनी विचारलं.

"संक्रांत थंडीत येते," मी म्हणालो. "काळ्या कपड्यांत ऊब राहते."

बाईंनी माझ्या कपाळावरून ओघळणाऱ्या घामाकडे पाहिलं. मग आभाळाकडे. "आह," एवढंच म्हणाल्या आणि बर्फाचं पाणी आणायला आत गेल्या.

"सण म्हणजे काय सोफा आहे का, इथून उचलून तिथे ठेवायला?" बायको घरी येऊन फणफणली.

अशी आठ वर्षं गेली. दर वर्षी निम्म्या चहाची पुडी, दर वर्षी तो रविवार.

मग एका ऑक्टोबरात बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. त्यांचा मुलगा पर्थहून आला होता. आता आईला तिकडेच नेणार, घर विकणार, असं त्याने मला बाहेर सांगितलं. आत बाईंनी वेगळंच सांगितलं.

"आठ दिवस राहिले. पान थांबणार नाही. तू खुड."

"मी? बाई, मी तुमचा चहा उकळला होता. आल्यासकट."

"म्हणून तर. परत नाही उकळणार."

त्यांच्या स्वतःच्या झुडपांचा हा शेवटचा चहा, आणि तो माझ्या हातात.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी ऑफिसला सिकी, म्हणजे आजारपणाची खोटी रजा, टाकली आणि परडी घेऊन बाईंच्या परसात शिरलो. दहा मिनिटांत कुंपणावरून बायकोचा आवाज आला.

"अरे, ओरबाडतोयस काय? आयुष्यात कधी मेथी तरी निवडली आहेस?"

ती कुंपणाला वळसा घालून आली, पदर खोचला आणि शेंड्याची कोवळी दोन पानं आणि मधली कळी अशी खुडायला लागली. ज्या वेगाने ती खुडत होती, तो बघून मी परडी धरण्याचं काम स्वीकारलं.

पानं लगेच वाफवायची होती. बाईंचं भांडं काही सापडेना. घरी येऊन मी आमचं मोदकपात्र काढलं.

"गणपतीचं आहे ते!" बायको म्हणाली. मग स्वतःच त्यात पाणी घातलं.

बाई हॉस्पिटलमधून फोनवर होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं, मी नाकाने सांगत होतो.

"वास कसला?"

"गवत कापल्यासारखा."

"नॉट येट, मेट."

"आता?"

"कसला?"

मी बायकोकडे बघितलं. तिने झाकण उचलून हुंगलं. "उकडलेल्या कणसाचा," ती म्हणाली.

"नाऊ!" फोनमधून आवाज आला, तोही असा की आमची मुलगी तिच्या खोलीतून ओरडली, "बाबा, हू इज दॅट?"

मग परातीत पंख्याखाली गार करणं, तळव्यांनी वळणं, मंद तव्यावर सुकवणं, पुन्हा वळणं. चार तास. शेवटी मला घाई झाली आणि मी गॅस जरासा मोठा केला. अगदी जरासा.

संध्याकाळी आम्ही दोघं थर्मास, किटली आणि ते पातळ कप घेऊन वॉर्डात गेलो. काचेची घंटी बायकोने रुमालात गुंडाळून आणली होती. ती तिने सलाइनच्या स्टँडला टांगली.

बाईंनी किटली हातात घेतली. मदत करायला कुणाची छाती झाली नाही. थोडा या कपात, थोडा त्या कपात. तेवढ्यात नर्स आली.

"चहा का? दूध आणू, डार्लिंग?"

"नो मिल्क!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडचे आजोबा जागे झाले.

शेवटचा थेंब पडायला खूप वेळ लागला. कुणी हललं नाही. मला वाटतं, नर्सही नाही. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले. मी बी.ई.च्या निकालाच्या दिवशीसुद्धा असा उभा राहिलो नव्हतो.

"थोडा करपलाय," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"पण आजचा आहे." आणि त्यांनी कप दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलला. आधी बायकोकडे वळून, मग माझ्याकडे.

त्या महिन्यातच मुलगा त्यांना पर्थला घेऊन गेला. घर एका तरुण जोडप्याने घेतलं. झुडपं त्यांनी ठेवली आहेत, आम्ही खुडली तर त्यांची हरकत नाही. जाताना बाईंनी घंटी आमच्या दारात टांगायला लावली. जूनमध्ये मुलाचा फोन आला, बाई झोपेतच गेल्या.

जुलैच्या शेवटी एक दिवस समुद्रावरून इतका बोचरा वारा सुटला की घंटी सारखी वाजत होती. कामावरून आलो तर घरभर तीळ भाजल्याचा खमंग वास. बायको काळ्या रेशमी साडीत, शेजारच्या जोडप्याकडे द्यायचा डबा भरत होती. यंदाच्या जानेवारीत तिने तीळ आणलेच नव्हते, हे मला तेव्हा आठवलं.

"अगं, जुलै आहे," मी म्हणालो.

"मग? थंडी आत्ताच आहे ना?" तिने एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "खा. आणि पुढच्या आठवड्यापासून दिवस मोजायला घे. आत्तापर्यंत मोजायला बाई होत्या."